एका मायक्रॉनचे असत्य

युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार अंगुळे वरून चालत असे, आणि द्रोणवधाच्या प्रसंगी त्याच्या तोंडून अर्धसत्य निघाले तेव्हा तो खाली येऊन जमिनीला टेकला, अशी कथा आहे. या कथेतली मला नेहमी विचारात पाडणारी गोष्ट म्हणजे ती चार अंगुळे. असत्य किती, हे कथाकाराने मोजून सांगितले आहे. परंतु चार अंगुळे ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट आहे. रथ खाली आला हे रणांगणावरच्या साध्या पायदळालाही दिसले असेल, आणि त्या असत्याने द्रोणासारखा पुरुष पडला हे तर साऱ्यांनीच पाहिले. जे डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही आणि ज्याचे फळ बहुधा कोणालाच भोगावे लागत नाही, अशा असत्याचे काय करायचे? आपल्या कथापुराणांना हा प्रश्न फारसा पडलेला दिसत नाही. मला तो भेटला पत्र्याच्या शेडमध्ये, तेलाच्या वासात आणि मशीनच्या घरघरीत.

माझे आयुष्य मोजमापे घेण्यात गेले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे पिंपरी, चिंचवड, भोसरी हा सारा पट्टा कारखान्यांनी भरून गेला. त्या पट्ट्यातल्या लहानलहान कारखान्यांतून मी तीस वर्षे तपासनीस म्हणून हिंडलो. मोठ्या कारखान्यांची नावे जगाला ठाऊक असतात. परंतु त्यांच्या गाड्यांत, पंपांत आणि झडपांत जे शेकडो बारीक भाग असतात ते बहुतांशी अशा शेडमध्ये तयार होतात. दोन किंवा तीन सीएनसी लेथ, एक मोजमापाचे टेबल, कोपऱ्यात लोखंडी किसाचा ढीग आणि खंडेनवमीला मशीनवर चढवलेला, आता वाळून गेलेला झेंडूचा हार, एवढा या कारखान्याचा संसार. मालक स्वतःच माल टेम्पोत भरतो आणि वेळ पडली तर रात्रपाळीला स्वतःच उभा राहतो.

ज्यांनी हे यंत्र पाहिले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. लेथवर जिन्नस फिरतो आणि हत्यार स्थिर राहून त्याला हवे तेवढे तासते, हे कुंभाराच्या चाकाइतके जुने तत्त्व आहे. जुन्या लेथवर हत्यार पुढेमागे करणारा हात माणसाचा असे. सीएनसी लेथवर तो हात आकड्यांचा असतो. लोखंडी बार आत शिरतो, कॉलेट त्याला आवळून धरते, टरेटवर बसवलेली हत्यारे एकामागून एक पुढे येतात, दार बंद असताना कूलंटच्या धारेखाली काप घेतला जातो आणि मिनिटाच्या आत एक चकचकीत पिन खालच्या ट्रेमध्ये येऊन पडते. पिन लांब आणि बारीक असली तर ती हत्यारापुढे वाकते. घड्याळांचे बारीक भाग करणाऱ्या स्विस कारागिरांनी एकोणिसाव्या शतकातच त्यावर उपाय शोधला होता. त्यांनी बारच एका बुशमधून सरकवत आणला आणि अगदी त्या बुशच्या तोंडाशी काप घेतला, म्हणजे वाकायला जागाच उरत नाही. आजही अशा यंत्राला स्विस लेथ म्हणतात.

आता एक पिन घेऊ. झडपेच्या छिद्रात मागेपुढे सरकणारी, बारा मिलिमीटर व्यासाची. ड्रॉइंगवर बारापुढे जी सहा हे एक अक्षर आणि एक आकडा लिहिलेला असतो. त्याचा अर्थ असा की पिनेचा व्यास ११.९९४ पेक्षा जास्त नको आणि ११.९८३ पेक्षा कमी नको. मधली जागा अकरा मायक्रॉनांची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्या सहाव्या भागाएवढ्या पट्टीत त्या पिनेने राहायचे. चांगल्या मशीनवर, लक्ष ठेवून काम केले तर, हे साधते.

या आकड्यांत एक गंमत आहे, ती प्रथम ध्यानात आली तेव्हा मी बराच वेळ तिचा विचार करीत बसलो होतो. ज्या पिनेला सारे बाराची पिन म्हणतात ती तंतोतंत बारा झाली तर ती नापास होते! कारण ज्या छिद्रात ती जायची तेही नेमके बाराचे असू शकते, आणि मग तेलाच्या पापुद्र्याला जागा राहत नाही. दोघांनीही परिपूर्ण व्हायचा हट्ट धरला तर यंत्र अडकते. म्हणून आराखडा करणारा आधीच लिहून ठेवतो की कोणी किती कमी असावे. परिपूर्णता कोणाकडूनच मागितलेली नाही. मर्यादित अपूर्णता मागितली आहे, आणि तिच्या दोन्ही कडा सांगितल्या आहेत. आमच्या कारखान्यांत याला टॉलरन्स म्हणतात. याच शब्दाचा दुसरा अर्थ सहिष्णुता असा आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. किती खपवून घ्यायचे, हे अगोदर ठरवून टाकणे, यापेक्षा सहिष्णुतेची अधिक प्रामाणिक व्याख्या मला माहीत नाही.

असा सारा बंदोबस्त असताना माणसाला करायचे उरते काय? ही शंका नवी नाही. यंत्राला आकड्यांनी चालवण्याची कल्पना अमेरिकेत जॉन पार्सन्स याने हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या निमित्ताने पुढे आणली, आणि १९५२ साली एमआयटीमध्ये छिद्रांच्या फितीवर चालणारे मिलिंग मशीन लोकांना दाखवण्यात आले. त्याच सुमारास दुसरीही एक रीत उपलब्ध होती. कसबी कारागिराने एकदा हाताने काम करायचे, त्याच्या हालचाली फितीवर उतरवून घ्यायच्या आणि मग यंत्राने त्याच पुन्हा करायच्या. ही रीत मागे पडली. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की ती मागे पडण्याचे कारण केवळ तांत्रिक नव्हते. कामाचे ज्ञान कारागिराच्या हातून काढून कचेरीत नेण्याची व्यवस्थापनाची इच्छाही त्यामागे होती. हे मत कोणाला एकांगी वाटेल. परंतु ज्याने जुना टर्नर पाहिला आहे, किसाच्या रंगावरून आणि कापाच्या आवाजावरून हत्यार बोथट झाल्याचे ओळखणारा, त्याला काहीतरी हरवले आहे हे सांगावे लागत नाही.

तथापि सर्वच हरवले असे मात्र नाही. हत्याराची कड झिजत जाते, आणि ती झिजली की पिनेचा व्यास मायक्रॉना-मायक्रॉनाने वाढू लागतो. सकाळी मशीन थंड असते, दुपारी तापते, आणि त्याबरोबर माप सरकते. तेव्हा ऑपरेटरने अधूनमधून पिन उचलायची, पुसायची, मोजायची आणि मशीनच्या पडद्यावर ऑफसेटचा आकडा बदलायचा. म्हणजे यंत्र माप पाळते, परंतु मापावरून सुटले तर ते यंत्राला कळत नाही. ते कळणे आणि कळल्यावर काय करायचे ते ठरवणे, एवढे काम माणसाकडे उरले आहे. कसब कमी झाले, निवाडा उरला.

अशाच एका निवाड्याच्या वेळी मी उपस्थित होतो. लातूरकडचा एक तरुण मुलगा, आयटीआय झालेला, मशीनवर होता. झिजेची भरपाई करताना ऑफसेट किंचित जास्त दिला गेला आणि दीडएकशे पिना ११.९८२ भरल्या. म्हणजे खालच्या कडेपेक्षा एक मायक्रॉन कमी. जास्त भरलेली पिन पुन्हा तासता येते. कमी भरलेल्या पिनेला उपाय नाही, ती भंगारात जाते. टेम्पो दाराशी उभा होता. मुलगा मला म्हणाला, “काका, एका मायक्रॉननं नेमकं काय होतं?”

मी म्हटले, “काही होत नाही.”

“मग?” असे म्हणून तो माझ्याकडे पाहत राहिला.

त्याचा हा एकशब्दी प्रश्न नीतिशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात शोभावा असा आहे. त्याला घाबरवण्यासाठी मी खोटे सांगू शकलो असतो, की त्या पिनेमुळे झडप फुटेल, अपघात होईल. तसे झाले नसते. निसर्गात ११.९८३ पाशी कोणताही कडा तुटलेला नाही. अलीकडची पिन चांगली आणि पलीकडची वाईट, असा भेद धातूला ठाऊक नाही. ती रेघ माणसाने टेबलावर बसून, कोष्टक पाहून मारलेली आहे. मग जी मर्यादा मानवी आहे, सोयीची आहे, थोडी इकडे किंवा तिकडे असती तरी चालली असती, ती पाळण्याचे बंधन कुठून येते?

एक उत्तर असे की आज एक सोडला तर उद्या दोन सोडाल. यात तथ्य आहे. वाळूच्या ढिगातून कण काढत गेले तर ढीग नेमका कधी संपला ते सांगता येत नाही. परंतु हे उत्तर भविष्याच्या भीतीवर उभे आहे. जो निश्चयाने एकावरच थांबेल त्याला ते लागू पडत नाही. दुसरे उत्तर अधिक वजनाचे आहे. आराखडा करणाऱ्याने जी थोडी जास्तीची जागा राखून ठेवलेली असते ती एकट्या पिनेसाठी नसते. छिद्र दुसऱ्या शेडमध्ये होते, बुश तिसऱ्या, स्प्रिंग चौथ्या. ती जागा समाईक विहिरीसारखी आहे. प्रत्येकाने आपल्यापुरती एकच घागर जास्त उपसली, आणि प्रत्येकाचे म्हणणे खरेही होते की एका घागरीने काय होते, तरी विहीर कोरडी पडते. कोणाचीच घागर दोषी ठरवता येत नाही, हीच यातली अडचण.

तरीही हे उत्तर परिणामांकडेच बोट दाखवते. मला वाटते, खरे उत्तर त्याच्याही अलीकडे आहे. २०१७ साली जपानमधील कोबे स्टील या कंपनीने कबूल केले की तिने ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या मालाच्या तपासणीचे आकडे बदलून तो ग्राहकांना पाठवला होता. हा माल मोटारींपासून विमानांपर्यंत आणि जलद रेल्वेगाड्यांपर्यंत गेलेला होता. पुढे बहुसंख्य ग्राहकांनी तपासण्या केल्या आणि सुरक्षिततेला बाध येत नाही असे सांगितले. तरी २०१९ साली न्यायालयाने कंपनीला दहा कोटी येनचा दंड केला. या प्रकरणात ‘तोकुसाई’ असा एक जपानी शब्द पुष्कळ चर्चिला गेला. माल ठरलेल्या मापात बसत नसेल, परंतु कामास येण्याजोगा असेल, तर ग्राहकाला विचारून त्याच्या संमतीने तो द्यायचा, ही मूळची तोकुसाई. आपल्याकडच्या कारखान्यांतही ही रीत आहे. तिला डेव्हिएशन घेणे म्हणतात. रीत पूर्णपणे सरळ आहे. बिघाड झाला तो विचारणे गळून पडले आणि देणे तेवढे उरले तेव्हा.

या एका गोष्टीत मला त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर सापडते. ११.९८३ हा आकडा धातूचा नियम नसून दिलेला शब्द आहे. म्हणूनच तो मानवी आहे, सोयीचा आहे, आणि तरीही बंधनकारक आहे. पाच वाजता येतो असे सांगितले तर पाचात पवित्र असे काही नसते; सव्वापाच ठरले असते तरी चालले असते. पण ठरले पाच. आणि शब्दाचा धर्म असा की तो ज्याने दिला त्याला तो स्वतःहून सैल करता येत नाही. ज्याला दिला त्यानेच सोडवावे लागते. एक मायक्रॉन कमी भरलेली तीच पिन, तोच धातू, तोच उपयोग. विचारून दिली तर व्यवहार, न विचारता दिली तर फसवणूक. दोहोंमधला फरक कोणत्याही मायक्रोमीटरवर दिसणार नाही.

हा शब्द दिलेला असतो तरी कोणाला? जुना लोहार ज्याच्या नांगराचा फाळ करी त्याला तो ओळखत असे. फाळ बसला नाही तर शेतकरी परत येई, दोघे बसून तो ठोकूनठाकून नीट करीत. आजची पिन कोण बसवणार, कोण वापरणार, हे ऑपरेटरला कधीच कळत नाही. कोणतीही पिन कोणत्याही छिद्रात बसली पाहिजे, ही कल्पना प्रत्यक्षात आणायला माणसाला फार श्रम पडले. फ्रान्समध्ये ओनोरे ब्लां याने बंदुकीच्या चापाचे सुटे भाग असे केले होते की जेफरसनने १७८५ साली पॅरिसमध्ये हाती लागतील तसे ते उचलून चाप जुळवून पाहिले. अमेरिकेत एली व्हिटनीने १८०१ साली ॲडम्स आणि जेफरसन यांच्यासमोर असाच प्रयोग करून दाखवला आणि या कल्पनेचा जनक म्हणून कीर्ती मिळवली. पुढे विसाव्या शतकात संशोधकांनी त्याच्या कारखान्याच्या बंदुका उघडून पाहिल्या तेव्हा त्यांचे भाग एकमेकांत बसेनात. काहींवर तर कोणता भाग कोणत्या बंदुकीचा ते सांगणाऱ्या खुणा होत्या. पाहणाऱ्यांना एकसारखेपणा दाखवला होता आणि आत प्रत्येक भाग आपल्याच जोडीदाराला ओळखत होता. व्हिटनीच्या मनात काय होते ते आता कोण सांगणार? एवढे खरे की एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी परस्परांवर विसंबावे अशी ही व्यवस्था आहे, आणि ती तिच्या जन्मापासूनच खोटेपणाच्या मोहात सापडलेली आहे.

येथवर जो वाचक माझ्याबरोबर आला असेल तो एक आक्षेप घेईल, आणि तो घेतलाच पाहिजे. हा सारा उपदेश मशीनवरच्या मुलाला आणि शेडच्या मालकालाच का? नगामागे काही पैसे सुटणार, बँकेचा हप्ता ठरलेला, रिजेक्शन झाले तर कच्च्या मालाची रक्कमही बिलातून कापली जाणार. उलट माल घेणारा बडा कारखाना स्वतःचा शब्द कसा पाळतो? २००६ च्या कायद्याने लहान उद्योगांचे पैसे ठरल्या मुदतीत, आणि करार काहीही असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत, द्यायचे आहेत. पंचेचाळीसचे नव्वद आणि नव्वदचे एकशेवीस झालेले मी किती वेळा पाहिले आहेत! मायक्रॉनाच्या बाबतीत जो काटेकोर तो तारखेच्या बाबतीत सैल. अकरा मायक्रॉनांच्या पट्टीबाहेर गेलेली पिन लाल ट्रेमध्ये जाते. पंचेचाळीस दिवसांबाहेर गेलेल्या धनादेशासाठी कोणाच्याही टेबलावर लाल ट्रे ठेवलेला नसतो.

हा आक्षेप मला खोडता येत नाही आणि खोडायचाही नाही. मर्यादा ही दोन्ही बाजूंना बांधणारी असते. एकाच बाजूला बांधते तेव्हा तिला जुलूम म्हणावे. परंतु या आक्षेपातून पिन पास करण्याचा अधिकार निघतो का? मला वाटते, नाही. पैसे थकवणारा आणि पिन बसलेल्या यंत्रावर काम करणारा ही दोन निराळी माणसे आहेत. पहिल्याचे भांडण दुसऱ्याच्या अंगावर काढणे न्यायाचे नाही. थकलेल्या पैशांसाठी कायदा आहे, तक्रार आहे, एकत्र येऊन माल अडवणे आहे. मायक्रॉनात वसुली करण्याने बड्या कारखान्याला काही कळत नाही. आपली मात्र मोजण्याची सवय बिघडते.

शेवटी मोजण्याविषयीच एक गोष्ट सांगायची राहिली. ११.९८२ हे माप तरी खरे कशावरून? मोजमापासाठी वीस अंश सेल्सिअस हे तापमान १९३१ साली आंतरराष्ट्रीय समितीने ठरवले. मशीनमधून नुकतीच निघालेली पिन गेजपेक्षा वीस अंशांनी गरम असली तर बारा मिलिमीटरांत ती सुमारे पावणेतीन मायक्रॉनांनी मोठी दिसते. गरमागरम मोजली तर तीच नापास पिन आरामात पास होईल, आणि मोजणाऱ्याने आकडाही खरा वाचलेला असेल! शिवाय मायक्रोमीटरची स्वतःची चूक आहे, हाताच्या दाबाची आहे. अशा वेळी सत्य एका मायक्रॉनापर्यंत आपल्याला ठाऊक आहे असे म्हणणे हाच एक खोटेपणा होईल. याला जगभरच्या मोजणाऱ्यांनी एक तोडगा काढला आहे, तो १९९८ सालच्या आयएसओ १४२५३ या प्रमाणकात नमूद आहे. माल बरोबर आहे असे जो म्हणतो त्याने मोजण्यातली शंका स्वतःच्या पट्टीतून वजा करावी. माल चूक आहे असे जो म्हणतो त्याने ती पट्टीला जोडावी. म्हणजे शंकेचा लाभ दावा करणाऱ्याने स्वतःला घ्यायचा नाही. एरवीच्या आयुष्यात आपण नेमके उलट वागतो. आपल्या चुका गरम असताना मोजतो आणि दुसऱ्याच्या गार झाल्यावर.

त्या दिवशी पिना गार होईपर्यंत आम्ही थांबलो, पुन्हा मोजल्या, आणि त्या कमीच भरल्या. पुढे दोन मार्ग होते, लाल ट्रे किंवा फोन. मालकाने फोन केला. पलीकडच्या साहेबांनी एक मायक्रॉनाची परवानगी देणे अगदी सोपे होते. त्यांनी दिली नाही. पिना भंगारात गेल्या, टेम्पो तेवढ्या कमी मालाने निघाला आणि मालकाला तो महिना जड गेला. विचारले नसते तर कोणाला कधीच कळले नसते, हे शेडमधल्या सर्वांना माहीत होते. मुलाने ऑफसेट नीट केला, दार लावले आणि सायकल स्टार्टचे हिरवे बटण दाबले. पुढची पिन ११.९८९ आली.